गाडी थांबते ते हॉटेल

आमच्या संगमनेरात हॉटेलं दोनच प्रकारची, असं अण्णा म्हणायचे. गाडी थांबते ती आणि गाडी थांबत नाही ती. अण्णा म्हणजे माझे वडील. इथल्या एका बिडी कारखान्याच्या फिरतीवर होते. महिन्यातले वीस दिवस खानदेशात, नाहीतर मराठवाड्यात. खांद्याला नमुन्याच्या बंडलांची पिशवी आणि पोट परक्या गावांच्या हवाली. घरी आले की माल किती खपला हे आईला कधी सांगत नसत. शेवभाजी कुठं खाल्ली, रस्सा कसा होता, भाकरी हातावरची होती की पोळपाटावरची, हे मात्र पायांवर पाणी घ्यायच्या आधी सांगून व्हायचं. ‘गाडी थांबते ते हॉटेल गाडीचं असतं, पोटाचं नसतं,’ हा त्यांचा सिद्धान्त. त्याला त्यांनी कधी अपवाद सांगितला नाही आणि आम्हीही लहानपणी कधी मागितला नाही.

या सिद्धान्तामागचं कारण संगमनेरच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गावाची जागाच तशी आहे. पुण्याहून नाशिकला निघालेला माणूस नारायणगाव, आळेफाटा मागं टाकतो, चंदनापुरीचा घाट उतरतो आणि प्रवरेच्या खोऱ्यात येतो तेव्हा बरोबर त्याला भूक लागलेली असते. दहा मिनिटांचा थांबा. त्यात हात धुवायचे, खायचं, पैसे द्यायचे आणि पुन्हा गाडी गाठायची. एक डोळा बशीवर, एक गाडीच्या दारावर. मालकाला पक्कं ठाऊक असतं की हे तोंड पुन्हा दिसायचं नाही. वडा सकाळच्या तेलात की परवाच्या, हे विचारायला सिन्नरहून कोण परत येतो?

आणि याच गावात १९६१ साली कॉलेज निघालं. अकोले तालुक्याच्या डोंगरातली, पठारावरची पोरं शिकायला येऊन राहू लागली आणि गल्लीबोळातून खानावळी चालू झाल्या. पाटी नाही, नाव नाही. ‘अमक्या मावशींकडे’ एवढाच पत्ता. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, दोन वेळचं ताट. आमटी दुपारी पातळ झाली तर तीच पंचवीस तोंडं रात्री पुन्हा ताट घेऊन समोर बसणार. मावशींच्या हाताला चव होती हे खरंच, पण त्या चवीवर कुणाची तरी नजरही होती. उद्याची. स्टँडवरच्या मालकाला उद्याची भीती नव्हती, मावशींना होती. एकाच गावात, एकाच बाजारातली तूरडाळ, त्याच तालुक्यातला कांदा, त्याच संघाचं दूध. आणि दोन आमट्यांमधे जमीन-अस्मानाचा फरक.

हे सगळं मला आठवलं ते लिस्बनमधे, एका हॉटेलच्या दारात, पोर्तुगालला जाऊन जेमतेम वीस तास झालेले असताना.

थोरली लेक तिथं संशोधनासाठी आहे. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघं नऊ दिवसांसाठी गेलो. तिची प्रयोगशाळा सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. म्हणजे रात्रीचं जेवण घरी, वरण-भात. दुपारचं मात्र आमचं आम्ही बघायचं. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. वास्को-द-गामा २० मे १४९८ रोजी कालिकतला पोचला, हे इतक्या वर्गांकडून घोकून घेतलं की त्या माणसाच्या देशात दुपारचं जेवण मिळवणं मला अवघड वाटत नव्हतं. बायको माळकरी. मांस, मासे, अंडं काही नाही. कांदा-लसूणही एकादशीला नाही. मी अंड्यापर्यंत जातो आणि कधीमधी, तिच्या नकळत नव्हे पण तिच्या नजरेआड, माशापर्यंत.

पहिल्या दुपारी आम्ही बाइशा भागात गेलो. १७५५ च्या १ नोव्हेंबरला झालेल्या भूकंपात हा भाग जमीनदोस्त झाला आणि नंतर आखून-रेखून, काटकोनात पुन्हा बांधला गेला. भूगोलाच्या मास्तराला आवडावं असं गाव. रुंद रस्ता, रस्त्याच्या मधोमध टेबलं, टेबलांवर छत्र्या, आणि प्रत्येक दारात मेन्यूचं जाडजूड चकचकीत पुस्तक घेऊन उभा असलेला एकेक माणूस. त्यातल्या एकानं आम्हाला लांबूनच हेरलं. ‘नमस्ते! इंडिया? शाहरुख खान!’ आता परक्या मुलखात नमस्ते म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? बायको तर पदर सावरून बसलीसुद्धा. मेन्यूत सहा भाषा आणि प्रत्येक पदार्थाचा फोटो. भाजी-भात मागितला. तो यायच्या आधी न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणि चीजचा तुकडा आला. पाहुणचार असेल म्हणून आम्ही खाल्लं. मग उकडलेलं गाजर, उकडलेला फ्लॉवर आणि पांढरा भात. बिल त्रेचाळीस युरो. त्यात त्या पाहुणचाराचे वेगळे लावलेले.

रात्री लेकीनं समजावलं. त्याला तिथं ‘कुव्हेर’ म्हणतात. आधीच आणून ठेवतात. खाल्लं तर पैसे, नको म्हटलं तर उचलून नेतात. न मागवलेल्या आणि हात न लावलेल्या गोष्टीचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला नियमच आहे. म्हणजे चूक आमची. पण मला राग त्रेचाळीस युरोंचा आला नव्हता. (बायकोला त्याचाच आला होता. ती तेव्हापासून परत येईपर्यंत प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात रुपयांनी गुणत होती.) मला राग आला तो स्वतःचा. मी संगमनेरचा. गाडी थांबते ते हॉटेल मी हजारो किलोमीटरवरून ओळखायला हवं होतं. दारात उभं राहून हाका मारणं, लांबचलचक यादी, सगळ्या जगाला समजेल अशी भाषा, आणि पुन्हा न दिसणारी तोंडं. बाइशाचा तो रस्ता म्हणजे लिस्बनचं स्टँड होतं. फक्त फरशी चांगली होती.

‘उद्यापासून मी शोधतो,’ मी जाहीर केलं. लेक म्हणाली, ‘बाबा, फोनमधे बघा ना. किती तारे आहेत ते दिसतं.’ मी म्हटलं, तारे देणारेही परत न येणारेच असतात गं. ती हसली आणि तिनं माझ्या फोनमधे नकाशा टाकून दिला, हरवलो तर असावा म्हणून.

संगमनेरचा माणूस रुळलेली वाट सोडायला निघाला म्हणजे त्याला अनंत फंदी आडवा येणारच. हा शाहीर आमच्या गावचा, १७४४ चा जन्म. त्याच्या ज्या एका फटक्यामुळे तो घराघरात पोचला त्यात उपदेश काय, तर सरळ मळलेल्या रस्त्यानं चालावं, भलत्या आडवाटेला लागू नये. शाळेत पाठ केलेलं वय गेलं तरी अंगातून जात नाही. लिस्बनच्या त्या बोळांतून चढताना, पुढं काय आहे हे दिसत नसताना, मला खरोखर वाटलं की फंदीबुवा मागून येऊन धोतराचा सोगा ओढतायत. त्यांची माफी मागून एवढंच म्हणतो, उपदेश संसाराला ठीक आहे, जेवणाला नाही. आणि बुवांचं स्वतःचं आयुष्य तमाशापासून कीर्तनापर्यंत गेलेलं. ते तरी कुठं सरळ रस्त्यानं गेले होते?

दुसऱ्या दिवशी मी अण्णांची पद्धत वापरली. अण्णा अनोळखी गावात उतरले की हॉटेलं बघत नसत, माणसं बघत. साडेबारा वाजता हमाल कुठं वळतात, कोर्टातले कारकून कुठं जातात, टेम्पोवाला रिकामी गाडी कुठं उभी करतो. आम्ही लेकीच्या घरापासून, म्हणजे पेन्या द फ्रान्सा नावाच्या टेकडीवरून, उतरत होतो. एका इमारतीचं प्लास्टर चालू होतं. साडेबारा झाले तसे अंगावर चुना उडालेले चार गवंडी परांचीवरून उतरले आणि एका अरुंद दारात शिरले. आम्ही त्यांच्यामागं. आत धूर, टीव्हीवर फुटबॉल, टेबलांवर कागद पसरलेला, बसायला जागा नाही. माझा आनंद गगनात मावेना. सापडलं!

सापडलं खरं, पण त्या दिवशी तिथं दोनच पदार्थ होते. एक काळीज, एक वजडी. मालकानं, समजावं म्हणून, स्वतःच्या पोटावर हात ठेवून वजडी कुठली ते दाखवलं. बायको उठून बाहेर जाऊन उभी राहिली. त्या दुपारी आम्ही बागेतल्या बाकावर बसून घरून आणलेली शेंगांची चटणी आणि पाव खाल्ला. अण्णांच्या पद्धतीत एक भोक होतं, हे मला वयाच्या साठीनंतर कळलं. अण्णा सगळं खायचे.

गांधीजींची आठवण त्या बाकावर आली. १८८८ साली लंडनला गेलेला तो एकोणीस वर्षांचा मुलगा शाकाहारी जेवण शोधत रोज दहा-बारा मैल पायपीट करायचा, स्वस्तातल्या खाणावळीत पावावर ताव मारायचा आणि तरी उपाशी राहायचा. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी उपाहारगृह सापडलं. आत्मकथेत तो आनंद त्यांनी लपवलेला नाही. आईला दिलेल्या शब्दानं बांधलेल्या पोराला जेवण मिळालं होतं. आमच्या माळेचं प्रकरण तितकं मोठं नव्हतं. पण भुकेचं मापही काही वेगळं नसतं.

‘देवळात जाऊ या का?’ बायको म्हणाली. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. मोझांबिक १९७५ ला स्वतंत्र झाल्यावर तिथून पोर्तुगालला आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभारलेलं. तिथं शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. रविवारी गेलोही. डाळ, भात, बटाट्याची रसदार भाजी, रोटी. बायको दोनदा वाढून घेऊन जेवली आणि तिच्या चेहऱ्यावर पाच दिवसांनी लाली आली. मला मात्र कुठंतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. इतकं लांब येऊन आपण पुन्हा आपल्याच ताटावर बसलो, हे नव्हे. युरोपच्या सहलीत पिठलं-भाकरी देऊ अशा जाहिराती आपल्याकडे निघतात आणि त्यांना हसणारे लोकही निघतात. मी हसणाऱ्यांतला नाही. परमुलखात वरण-भाताचा वास आला की डोळ्यांत पाणी येतं, आणि ते पाणी खोटं नसतं. पण तिथं आम्हाला काही शोधावं लागलं नव्हतं, एवढंच.

मधल्या एका सकाळी बेलेंला गेलो. जेरोनिमोश मठात वास्को-द-गामाची समाधी आहे, दगडात कोरलेला तो हात जोडून आडवा झोपलेला. बत्तीस वर्षं शिकवलेला माणूस समोर झोपलेला बघून मी उगाच अवघडलो. हा मिऱ्यांसाठी आपल्या किनाऱ्याला लागला. आणि याच्यामागून आलेल्यांच्या गलबतांतून अमेरिकेतली मिरची आपल्याकडे उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. ठेचा नव्हता! नगर जिल्ह्यात, ठेच्याशिवाय! बायकोला मी हे त्या समाधीपुढं सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. ‘मग भाकरीबरोबर काय खायचे?’ तिनं विचारलं. इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात न पडलेला, पण पडायला हवा असा प्रश्न. तिच्या पर्समधे त्या वेळी प्लॅस्टिकच्या डबीत ठेचा होता, म्हणजे मिरची परत तिच्या दलालाच्या गावी आली होती.

मठाशेजारी १८३७ पासून चालू असलेलं नाताचं दुकान आहे. दुधा-अंड्यांच्या गोड साटोऱ्या म्हणा. वरून जळके डाग. मठ बंद झाले तशी मठातली पाककृती बाहेर आली, असं सांगतात. मी चार खाल्ल्या. बायकोनं अंडं म्हणून हात लावला नाही, पण ओळीत उभं राहून माझ्यासाठी त्या घ्यायला तिनंच हट्ट केला. रांग लांब होती. त्यात परदेशी होते तसे हातात पिशवी घेतलेले, मालकाला नावानं हाक मारणारे गावचेही होते. म्हणजे अण्णांच्या सिद्धान्ताला अपवाद होता तर. गाडी थांबते, आणि तरी पोटाचंही आहे. दोन्ही माणसं एकाच रांगेत उभी असली की समजावं, असं पोटनियम म्हणून मी वहीत लिहून घेतलं.

त्या गावाचं आमच्या गावाशी भाषेतून जे नातं निघालं त्याची मजा वेगळीच. मेन्यूवर ‘बताता’ लिहिलेलं. बायको पाटी वाचताना हुरळली. पावाला ते नाकातून ‘पाँव’ म्हणतात आणि कोबीच्या जातीच्या पाल्याला ‘कोव्ह’. लेकीनं सांगितलं, लिलाव हा शब्द त्यांचाच, ‘लेलाँव’. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारताना आमच्या कुणाला स्वप्नातही वाटत नसेल की आपण पोर्तुगीज ओरडतोय. आणि तंबाखू! ‘ताबाकु’ त्यांनी आणला, शब्दही त्यांच्याकडूनच आला. ज्या गावात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायांच्या बोटांवर घरं चालली, ज्या धंद्यातून अण्णांचा पगार आणि माझी शाळेची फी आली, त्याचं मूळ या धक्क्यावर उतरलेलं. रुआ दु आर्सेनालवर खारवलेल्या कॉड माशाची, बाकल्यावची, दुकानं आहेत. फळ्यांसारखे कडक मासे रचून ठेवलेले. त्यांच्यासमोरून जाताना आठवडे बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या ओळीचा वास आला. बायकोनं तिथंही पदर नाकाला लावला आणि इथंही. मी मात्र जरा रेंगाळलो.

पण ओळखीच्या गोष्टी फसवतात, हेही तिथंच कळलं. कॉफीच्या दुकानात काचेच्या कपाटात सामोसा दिसला. खराखुरा, तीन कोनांचा, ‘शामुसा’ नावाचा. गोवा आणि मोझांबिकमार्गे तो लिस्बनचाच होऊन बसलाय, बीकाबरोबर, म्हणजे त्यांच्या कडक छोट्या कॉफीबरोबर, कुणीही खातं. बायकोनं आनंदानं एक उचलला. मी विचारलं म्हणून वाचली. आत खिमा होता. आणि जे तिला पुढं गोड लागलं ते दिसायला इतकं परकं होतं की तिनं आधी चमचा खाली ठेवला होता.

ते मिळालं सहाव्या दिवशी. गवंड्यांच्या जागेनंतर मी पद्धत बदलली होती. आता गर्दी न बघता दार बघत होतो. लेकीच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक ताश्का होती. ताश्का म्हणजे आपल्याकडची घरगुती खाणावळ आणि चहाचं हॉटेल यांच्या मधलं काहीतरी. रोज जाता-येता समोरून जात होतो. दाराला चिकटपट्टीनं लावलेला वहीचा कागद, त्यावर हातानं लिहिलेले तीन पदार्थ. दुसऱ्या दिवशी कागद वेगळा, अक्षर तेच. मला खानावळीतल्या मावशींची आठवण झाली. त्यांच्याकडे यादी नव्हतीच. आज काय ते वासावरून कळायचं. जिथं रोज कागद बदलतो तिथं रोज बाजारात कुणीतरी जातं. आणि ज्या दाराला वहीचा कागद पुरतो तिथं येणारे ते अक्षर ओळखतात.

आत सात टेबलं. मालक साठीचा, पोटावर एप्रन; बायको आत चुलीशी, फक्त आवाज. मी लेकीकडून पाठ केलेलं एकच वाक्य म्हटलं, ‘सें कार्न, सें पैश’, मांस नको, मासा नको. त्यानं माझ्याकडे, मग बायकोच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे पाहिलं. आत जाऊन काहीतरी बोलला. आतून बराच वेळ बोलणं आलं. मग सूप आलं. काल्दु वेर्द, बटाट्याच्या घट्ट पाण्यात केसासारखा बारीक चिरलेला कोव्हचा पाला. त्यात एरवी शोरीसुची, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजची, एक चकती टाकतात. आमच्या वाट्यांत ती नव्हती. आणि मग एका खोल मातीच्या भांड्यात ते परकं दिसणारं काहीतरी. पांढुरकं, हिरवट, पातळसर. नाव ‘असोर्दा’. त्यावर अंडं घालतात तेही त्यानं, मी न सांगता, माझ्यापुरतंच घातलं होतं.

बायकोनं चमचा ठेवला. मग वास घेतला. मग पुन्हा चमचा उचलला. एक घास, दुसरा घास. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘हा कुस्करा आहे.’

होताच. शिळा पाव, ठेचलेला लसूण, ऑलिव्हचं तेल, उकळतं पाणी, मीठ, आणि मूठभर ताजी कोथिंबीर. युरोपात इतरत्र सहसा न दिसणारी कोथिंबीर पोर्तुगालचा दक्षिणेकडचा शेतकरी मुलूख अशी सढळ हातानं वापरतो. आलेंतेजु नावाच्या त्या मुलखातल्या गरिबांचं हे जेवण, पाव टाकून द्यायची ऐपत नसलेल्यांचं. आमच्याकडे रात्रीची भाकरी उरली की सकाळी आई तेच करायची. भाकरी कुस्करायची, लसूण-मिरचीची फोडणी, वर कोथिंबीर. तो पदार्थ आम्ही कधी पाहुण्यांपुढं ठेवला नाही. कुठल्याही हॉटेलच्या यादीत तो नसतो. बायकोनं पर्समधली डबी काढली आणि थोडा ठेचा भांड्याच्या कडेला लावला. मालक बघत होता. तिनं डबी त्याच्यापुढं केली. त्यानं पावाचा तुकडा बुडवला, डोळे पुसले, डबी घेऊन आत गेला. आतून पुन्हा बराच वेळ बोलणं आलं, मग हसणं.

बिल त्यानं टेबलावर पसरलेल्या कागदावरच लिहिलं, बेरीज करून आकड्याला गोल केला. दोघांचे मिळून अठरा युरो. बायकोनं गुणाकार केला आणि काही बोलली नाही. तो कागदाचा तुकडा फाडून तिनं पर्समधे ठेवला.

त्यानंतर तीन दुपारी आम्ही तिथंच गेलो. सातव्या दिवशी पांढऱ्या घेवड्याची भाजी आणि टोमॅटोचा भात. आठव्या दिवशी जागा नव्हती. त्यानं एका म्हाताऱ्याला सरकवून आम्हाला त्याच्या टेबलावर बसवलं. म्हाताऱ्यानं आमच्याशी पाऊण तास गप्पा मारल्या, त्याच्या भाषेत. आम्ही आमच्या भाषेत. कुव्हेर येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी नको म्हटलं होतं, ते त्याच्या लक्षात होतं. येताना रस्त्यावर चेस्टनट भाजणाऱ्याच्या गाड्याचा धूर. ‘हुरडा लागलाय जणू,’ बायको म्हणाली.

लेकीनं एकदा सांगितलं की अशा ताश्का बंद पडतायत. भाडी वाढली, जागेचे मालक पर्यटकांना खोल्या देतात. गावच्या नगरपालिकेनं जुन्या दुकानांना वाचवायला योजना काढली आहे, ‘इतिहास असलेली दुकानं’ अशा नावाची. पण सात टेबलांच्या कोपऱ्याचा इतिहास कोण नोंदवणार? मला आमचा बायपास आठवला. चौपदरी रस्ता झाला, पुण्या-नाशिकच्या गाड्या गावाबाहेरून जाऊ लागल्या, तसं गाडी थांबणारं हॉटेलही गावाबाहेर गेलं, मोठं झालं, पुढं खेळणी आली. स्टँडवरचं माणूस कमी झालं. त्याचं मला फार दुःख नाही. पण मावशींची खानावळही गेली, त्यांच्यानंतर, आणि त्याला बायपास कारण नव्हता. पोरं डबा मागवतात. उद्या तेच तोंड समोर येत नाही, दारावरची घंटा येते.

अशा जागेबद्दल लिहावं की नाही, हाही एक घोळ आहे. म्हणून नाव लिहीत नाही. गल्लीही मुद्दाम जरा इकडची तिकडं केली आहे. अण्णाही सांगताना गाव सांगायचे, हॉटेल नाही. ‘जाशील तेव्हा शोध,’ म्हणायचे. तेव्हा मला तो कद्रूपणा वाटायचा.

नवव्या दिवशी शेवटचं जेवण. रात्री सामान भरायचं, पहाटे विमान. बायकोनं उरलेला ठेचा डबीसकट आत पाठवून दिला. आतली बाई चार दिवसांत पहिल्यांदा बाहेर आली. ओले हात पुसत, बुटकी, आमच्या मावशींपेक्षा गोरी एवढाच फरक. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मला सांगायचं होतं की आम्ही उद्या जातोय, आता येणार नाही. लेकीनं शिकवलेल्या वाक्यांत ते वाक्य नव्हतं. फोन काढून शोधता आलं असतं. काढला नाही.

मालकानं कागदावर आकडा लिहिला, गोल केला, दार उघडून धरलं आणि रोजच्यासारखं म्हणाला, ‘अते आमान्यां.’ उद्यापर्यंत.

‘येतो,’ मी म्हटलं.